खाणीच्या गाळातलं लोखंड आणि मातीतले जिवाणू

पावसाळ्यात गोव्यातल्या डिचोली, सत्तरी किंवा सांग्याच्या बाजूला कुठल्याही शेताच्या कडेचा चर पाहा. तळाशी तांबूस, भुसभुशीत गाळ बसलेला असतो आणि साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी रंगांचा पातळ तवंग. बघणाऱ्याला वाटतं, कुणाच्या ट्रकचं डिझेल सांडलंय. एक काडी घ्या आणि तो तवंग हलवा. डिझेल असेल तर काडी उचलताच तवंग परत जुळतो. पण बहुतेक चरांमध्ये तो फुटतो, आणि फुटलेले तुकडे वेगवेगळेच तरंगत राहतात. हा तवंग लोखंडाचा असतो आणि तो तयार होण्यात पाण्यातल्या जिवाणूंचा मोठा हात असतो. तळाचा तांबूस गाळही बऱ्याच अंशी त्यांचंच काम.

म्हणजे जिवाणू आणि धातू यांचा व्यवहार गोव्याच्या शेतात रोजच चालू आहे. जिवाणू वापरून जमिनीतले जड धातू काढता येतात, असं हल्ली बातम्यांत आणि कृषी मेळाव्यांत ऐकू येतं. त्यात खरं काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवात याच व्यवहारापासून करावी लागते.

डिझेल, कीटकनाशक, सांडपाणी यांत कार्बनची संयुगं असतात. जिवाणू ती तोडतात, त्यातून ऊर्जा घेतात, आणि शेवटी उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. घाण खरोखर संपते. शिसं, कॅडमियम, पारा, निकेल ही मूलद्रव्यं आहेत, ती तुटत नाहीत. जिवाणूच्या पोटात गेलेलं शिसं जिवाणू मेल्यावर पुन्हा मातीत येतं. त्यामुळे ‘जिवाणू धातू खाऊन टाकतात’ हे वाक्य जिथे वाचाल तिथे थांबा. जिवाणू धातूचं रूप बदलतात आणि जागा बदलतात. त्यांच्या हातात एवढंच आहे, पण नीट वापरलं तर तेही खूप आहे.

रूप बदलून काय साधतं? धातू मातीत दोन अवस्थांत असतो. काही भाग मातीच्या कणांना, लोखंडाच्या गंजाला, सेंद्रिय पदार्थांना घट्ट धरून बसलेला असतो, तर काही भाग पाण्यात विरघळलेला किंवा सहज सुटणारा असतो. मुदत ठेवीतले पैसे आणि खिशातले पैसे यांत जो फरक, तोच इथे. झाडाच्या मुळाला, गांडुळाला, विहिरीच्या पाण्याला जो पोचतो तो खिशातला भाग. म्हणून जमीन सुधारायचे दोनच रस्ते उरतात. मोकळा धातू अडकवून टाकायचा, किंवा अडकलेला धातू मुद्दाम मोकळा करून पाण्यावाटे वा झाडावाटे बाहेर काढायचा. दोन्ही कामं करणारे जिवाणू आहेत, आणि शेतात चुकीच्या वेळी चुकीचे जिवाणू जोमात आले तर नुकसानही तेच करतात.

आता आपल्या खाणपट्ट्याकडे येऊ. गोव्यात एक टन लोहखनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागत असे. 2010-11 च्या सुमारास वर्षाची निर्यात 5 कोटी टनांच्या वर गेली होती, तेव्हा बाजूला किती टाकलं गेलं असेल याचा हिशेब वाचकांनीच करावा. 2012 साली खाणी थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजचं नूतनीकरण रद्द केलं. पण टाकाऊ मातीचे डोंगर कुठल्याच निकालाने हलले नाहीत. दर पावसात त्यांची माती ओहोळातून खाली येते आणि पायथ्याच्या शेतात बसते. पिसुर्ल्यापासून शिरगावपर्यंतच्या शेतकऱ्यांची तक्रार अनेक वर्षांची आहे आणि ती पूर्णपणे खरी आहे.

या गाळात मुख्यतः लोह आणि मँगनीज असतं. कोरड्या जमिनीत लोह गंजाच्या रूपात असतं, पाण्यात विरघळत नाही, मुळांना त्रास देत नाही. पण आपण भात लावतो, आणि भातासाठी शेतात पाणी तुंबवतो. पाण्याखालच्या मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. मग तिथले जिवाणू श्वासासाठी दुसरं काही शोधतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड, त्यानंतर सल्फेट, असा साधारण क्रम ठरलेला आहे. श्वास हा शब्द मी शब्दशः वापरतोय. आपण अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतो, हे जिवाणू ते गंजलेल्या लोखंडाला देतात. जिओबॅक्टर हे यातलं सगळ्यांत अभ्यासलेलं नाव. अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून 1987 साली ते वेगळं केलं गेलं, आणि त्याचे भाऊबंद जगभरच्या पाणथळ मातीत असतात.

इलेक्ट्रॉन मिळालं की तांबडं, न विरघळणारं लोखंड पाण्यात विरघळणारं होतं. भाताच्या मुळाभोवती ते एकदम वाढलं की खालच्या पानांवर टोकाकडून बारीक तपकिरी ठिपके यायला लागतात, पुढे पूर्ण पान काशाच्या रंगाचं होऊन वाळतं. फुटवे कमी येतात. शेतकरी समजतो रोग पडला, आणि औषध फवारतो. तसलं एक रोप उपटून मुळं धुऊन पाहा. मुळांवर विटकरी रंगाचा थर दिसेल, बोटाने घासला तरी पटकन न जाणारा. भाताचं मूळ पोकळ असतं, ते पानांकडून आलेला ऑक्सिजन थोडा बाहेर सोडतं, आणि तिथेच विरघळलेलं लोखंड परत गंजतं. या गंजण्याला दुसऱ्या जातीचे जिवाणू मदत करतात. पातळ थर मुळाचं रक्षण करतो आणि आर्सेनिकसारखे धातूही धरून ठेवतो. फार जाड झाला तर मुळाला अन्न घेणंच अवघड होतं.

एकाच रोपाच्या एका मुळाशी, काही मिलिमीटरच्या अंतरात, लोखंड विरघळवणारे आणि लोखंड साकळवणारे असे दोन्ही जिवाणू काम करत असतात. मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. कुठला जिवाणू वरचढ ठरेल हे बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुडीतून काय टाकलं यापेक्षा शेतात पाणी किती दिवस उभं राहिलं, माती आंबट किती आहे आणि जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ किती आहे, यावर ठरतं.

मग शेत अधूनमधून सुकवलं की झालं का? लोखंडासाठी, हो. आठ-दहा दिवस पाणी काढून माती जरा भेगाळू दिली की हवा आत जाते आणि लोखंड परत अडकतं. आर्सेनिकचंही असंच, कारण ते लोखंडाच्या गंजालाच चिकटून असतं. गंज विरघळला की तेही सुटतं. पण कॅडमियम याच्या बरोबर उलट वागतं. पाण्याखाली सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू सल्फाइड तयार करतात, त्याच्याशी कॅडमियम जोडलं जातं आणि अडकून बसतं. शेत सुकवलं की ते मोकळं होऊन दाण्यात जातं. म्हणून तुमच्या जमिनीत नेमका कुठला धातू जास्त आहे हे कळल्याशिवाय सल्ला देणारा माणूस अंधारात दगड मारतोय. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात कॅडमियमची मर्यादा किलोला 0.4 मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिकची 0.2 मिलिग्रॅम आहे. इतक्या लहान आकड्यांवर दाणा खायला योग्य की अयोग्य हे ठरतं.

त्यात आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. जुलैत आपण शेत सुकवायचं म्हटलं तरी पाऊस सुकू देत नाही. वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, मात्र पाणी आपल्या हातात असतं, तिथे हा उपाय जमतो.

खाजनांची गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. गोव्यात सुमारे 18,000 हेक्टर खाजन जमीन आहे, बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडणारी दारं) यांच्या आधाराने खाडीच्या पाण्यापासून राखलेली. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. त्यामुळे खाजनाच्या चिखलात सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंची चंगळ असते. चिखलाचा काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा आणि सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा, दोन्ही त्यांचीच निशाणी. मांडवी-झुआरीतून वाहत येणारे धातू या काळ्या चिखलात सल्फाइड होऊन अडकतात. खाजन आणि खारफुटी मिळून गोव्यासाठी हे काम शेकडो वर्षं फुकटात करत आली आहेत.

पण हा काळा चिखल उपसून उन्हात टाकला, किंवा बांधकामासाठी त्याचा निचरा केला, की हवा लागते आणि पाळी येते ॲसिडिथायोबॅसिलस वर्गातल्या जिवाणूंची. हे जिवाणू सल्फाइडमधल्या गंधकावर आणि लोखंडावर जगतात आणि गंधकाचं आम्ल तयार करतात. 1947 साली अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीतल्या आम्लयुक्त पाण्यात त्यांच्यातल्या लोखंडावर जगणाऱ्या जातीचा शोध लागला. आम्लामुळे मातीचा सामू (pH) झपाट्याने उतरतो, म्हणजे माती आंबट होते, आणि अडकलेले सगळे धातू एकदम सुटतात. खाजन बुजवू नका असं सांगणारी माणसं फक्त मासे आणि कोरगूट तांदळासाठी भांडतात असं कुणाला वाटत असेल, तर या रसायनशास्त्राकडेही त्यांनी पाहावं.

हेच आम्ल तयार करणारे जिवाणू उद्योगात मुद्दाम वापरले जातात. कमी प्रतीच्या खनिजातून तांबं काढायला त्यांचा वापर जगभर होतो. मातीतून धातू काढायलाही तत्त्व तेच. दूषित माती टाकीत घ्यायची, जिवाणूंना गंधक द्यायचं, धातू विरघळला की पाणी वेगळं करून त्यातून तो साकळून घ्यायचा. पण यात माती खणावी लागते, धुवावी लागते, नंतर चुना घालून आम्ल मारावं लागतं. एखाद्या कारखान्याच्या आवारातल्या काही ट्रक मातीसाठी हे ठीक, शेतासाठी परवडणारं नाही.

शिशाचं काय? खाणीच्या गाळात शिसं हा मुख्य प्रश्न नाही. शिसं येतं जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागांतून, जुन्या रंगातून, भंगारातून. अशा जागांचे जिवाणू विषात राहून तगून असतात, म्हणून संशोधक तिथेच शोध घेतात. गोवा विद्यापीठातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधकांनी गाडीच्या बॅटरीच्या कचऱ्याने दूषित झालेल्या मातीतून प्रॉव्हिडेन्सिया अल्कॅलिफॅसिएन्स नावाच्या जिवाणूचा एक वाण वेगळा केला. तो विरघळलेल्या शिशाचं लेड फॉस्फेट करून टाकतो, असं त्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलं. लेड फॉस्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे शिसं तिथेच राहिलं, पण मुळापर्यंत किंवा विहिरीपर्यंत जाण्याची त्याची वाट बंद झाली.

असं अडकवण्याच्या आणखी पद्धती आहेत. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण विद्युतभार असतो, त्याला धन भाराचे धातू चिकटतात. मेलेल्या जिवाणूलाही ते चिकटतात, त्यामुळे सांडपाणी गाळायला हे उपयोगी. काही जिवाणू पेशीत शिरलेला धातू खास प्रथिनांनी बांधून ठेवतात. काही तो आलेल्या वाटेने बाहेर फेकतात. कातडी कमावण्याच्या आणि मुलामा देण्याच्या कारखान्यांतलं विषारी सहा-संयुजी क्रोमियम काही जिवाणू तीन-संयुजी करतात, जे खूप कमी विषारी आणि मातीत घट्ट बसणारं असतं. बेल्जियममधल्या जस्ताच्या कारखान्याच्या टाकीत 1976 साली सापडलेला क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स तर धातू सोसण्यात इतका तरबेज आहे की त्याच्यावर आजही अभ्यास चालू आहे.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. काही जिवाणू विरघळलेल्या पाऱ्याची वाफ करतात, ती हवेत जाते, म्हणजे आपल्या शेतातला पारा दुसऱ्याच्या डोक्यावर. आणि बिनऑक्सिजनच्या चिखलातले काही जिवाणू त्याच पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी करतात, जे माशांत साठत जातं आणि माणसाच्या मेंदूवर आघात करतं. जपानमधल्या मिनामाताची शोकांतिका याच मिथाइलमर्क्युरीची, तिथे ते कारखान्यातूनच समुद्रात सोडलं गेलं होतं. पारा असलेल्या पाणथळ जागेत जिवाणूंना खाऊ घालून काम करून घेऊ, असं कुणी म्हणत असेल तर त्याला आधी मिथाइलमर्क्युरीचं काय, ते विचारा.

प्रयोगशाळेबाहेर हे कुठे जमलंय? नेदरलँड्समधल्या बुडेल इथल्या जस्ताच्या कारखान्याखालचं दूषित भूजल 1992 पासून सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंच्या मोठ्या टाक्यांतून शुद्ध केलं जाऊ लागलं. जस्त सल्फाइडच्या रूपात वेगळं होतं आणि कारखान्यात परत वापरता येतं. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रायफल इथे युरेनियमने दूषित भूजलात 2002 साली ॲसिटेट सोडलं गेलं, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लाचं क्षारासारखं रूप. तिथल्या मूळच्या जिओबॅक्टरांनी ते खाल्लं, वाढले, आणि पाण्यातलं युरेनियम अविद्राव्य करून टाकलं. काही आठवड्यांनी मात्र सल्फेटवाल्या जिवाणूंनी बाजी मारली आणि युरेनियमचं प्रमाण परत चढायला लागलं. त्या प्रयोगात बाहेरून एकही जिवाणू आणून टाकलेला नव्हता. आणि दोन्ही ठिकाणी काम झालं ते पाण्यावर, मातीवर नव्हे. पाणी टाकीतून फिरवता येतं, त्याच्यावर नजर ठेवता येते. माती जागची हलत नाही, आणि एकाच वाफ्यात हातभर अंतरावर वेगळी असते.

मेळाव्यांत भेटणारे काका-मामा मला सरळ विचारतात, “जिवाणूंची पुडी एकरी किती किलो टाकायची ते सांगा.” त्यांच्यासाठी हा हिशेब. एक एकर जमिनीचा वरचा 15 सेंटिमीटरचा थर भरतो सुमारे 900 टन. समजा त्यात किलोमागे 500 मिलिग्रॅम शिसं आहे, तर एका एकरात 450 किलो शिसं झालं. ते 100 मिलिग्रॅमवर आणायचं तर 360 किलो बाहेर काढावं लागेल. आता जिवाणूंच्या मदतीने एखादं झाड शिसं ओढून घेतंय असं धरू, वाळलेल्या पाल्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम, आणि एकरी 5 टन पाला. एका पिकात निघालं अर्धा किलो. म्हणजे 720 पिकं घ्यावी लागतील. 100 मिलिग्रॅम हा आकडाही मी उदार हाताने धरलाय, शिसं मातीला फार घट्ट धरून असतं.

आर्सेनिकला ओढून घेणारी एक नेची (फर्न) आहे, टेरिस विट्टाटा, जुन्या चुन्याच्या भिंतींवर पावसाळ्यात उगवणारी. ती आर्सेनिक प्रचंड प्रमाणात साठवते हे 2001 साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं. तिथे हा मार्ग चालू शकतो, पण कापलेल्या पाल्याची विल्हेवाट विषारी कचरा म्हणूनच लावावी लागते. गुरांना किंवा खतात अजिबात घालायचा नाही.

राहिला पुडीचा प्रश्न. बाहेरून आणलेले जिवाणू शेतात टाकले की मातीतले आदिजीव (एकपेशीय सूक्ष्म जीव) त्यांना खातात, मूळचे जिवाणू जागा देत नाहीत, आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत त्यांची संख्या नगण्य होते. मुळाशी राहणारे काही जिवाणू दूषित जमिनीत झाड तगवायला मदत करतात, हे खरं आहे. खाणीच्या उघड्या ढिगांवर झाडं लावताना शेणखतासोबत ते वापरणं मला योग्य वाटतं, कारण मुळं पसरली की माती खाली वाहत नाही. पण ‘तीन महिन्यांत जमीन धातूमुक्त’ असं छापलेली पुडी विकत घेऊ नका. विक्रेत्याला विचारा, धातू गेला तर कुठे गेला? याचं उत्तर त्याच्याकडे नसतं.

गाळ येत असलेल्या शेतात पहिलं काम गाळ थांबवायचं. ढिगाच्या पायथ्याशी दगडी भिंत, ओहोळाच्या तोंडाशी गाळ बसण्यासाठी तळी, आणि त्यातला गाळ पावसाआधी काढून नेणं. हे खाण चालवणाऱ्याचं काम आहे, शेतकऱ्याचं नव्हे, आणि ग्रामसभेत तेच मागायला हवं. केंद्र सरकारने 2025 साली दूषित जागांसाठी नियम काढले, पण खाणकामातून झालेलं प्रदूषण त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलं, त्यासाठी वेगळे कायदे आहेत म्हणून. गोव्यासारख्या राज्यासाठी हे दुर्दैवी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

गाळ थांबला की चुना. आपली जांभ्याची माती मुळात आंबट, सामू वाढला की बहुतेक धातू अडकतात आणि आम्लवाले जिवाणू मागे पडतात. किती चुना हे चाचणीवरून ठरवा, अंदाजाने नको. लोखंडाच्या त्रासात पोटॅश कमी पडू देऊ नका, पोटॅशची उणीव असलेल्या भाताला लोखंड जास्त बाधतं. कच्चा पाला आणि अर्धवट कुजलेलं शेण लावणीच्या तोंडावर पाणी भरलेल्या शेतात घालू नका, ते जिओबॅक्टरसारख्यांना आयतं जेवण होतं. आधी पूर्ण कुजू द्या.

आणि चाचणी. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी तपासल्या जातात. त्यात लोह, मँगनीज, जस्त, तांबं आहे. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक नाही. ते हवे असतील तर वेगळी चाचणी मागावी लागते, आणि मागताना एकूण धातू व उपलब्ध धातू असे दोन्ही आकडे मागा. नमुना एप्रिलमध्ये कोरड्या शेतातून घेतला तर त्यात विरघळलेलं लोखंड दिसणारच नाही, कारण ते पाण्याखालीच तयार होतं. त्यामुळे लावणीनंतर महिन्याभराने पानं तपकिरी होऊ लागली तर त्याच वेळी मुळासकट रोपं आणि ओला चिखल डब्यात काठोकाठ भरून, हवा न ठेवता, विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्याजवळच्या एला इथल्या केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेत दाखवा. कापणीनंतर मूठभर भातही वेगळा ठेवा, कॅडमियम आणि आर्सेनिकसाठी दाणाच तपासावा लागतो.